सकाळी अकराचं कारंजं

जे सांगणार आहे ते घरात कोणालाही माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, माझ्या सख्ख्या भावालाही नाही. सांगितल्यावर मन हलकं होईल अशी आशाही नाही, कारण ते कधी जड झालंच नव्हतं. जड व्हायला हवं होतं ना? मलाही तसंच वाटायचं.

सासूबाईंना फोर्टातलं फाऊंटन बघायचं होतं. एवढीच गोष्ट. पण ती सांगायची तर आधी गौरीचा ओवसा सांगायला लागतो.

आमच्या कोकणातल्या लोकांत नव्या सुनेचा पहिला ओवसा म्हणजे मोठं काम. सुपं भरायची, गौरीपुढे ओवाळायची, मग घरातल्या मोठ्यांना द्यायची. गौर ठरावीक नक्षत्रावर आली तरच तो होतो, नाहीतर थांबा पुढच्या योगापर्यंत. माझा योग लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आला. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत गावाकडून आलेली बारा माणसं होती. माझी आई तेव्हा प्रभादेवीला अंथरुणावर होती — लालबागहून चालत अर्धा तास. मी म्हटलं, सकाळी उभ्या उभ्या बघून येते. सासूबाई म्हणाल्या, ओवसा झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

नाही ओलांडला. दिवसभर हिरवी साडी नेसून वडे तळले, सुपं ओवाळली, फुगडीसुद्धा घातली. हो, फुगडी. संध्याकाळी पंगती उठल्यावर सासूबाईंनी मला मोरीजवळ बोलावलं आणि सांगितलं, तुझी आई गेली. सकाळी आठलाच गेली. भावाचा फोन शेजारच्या काकूंकडे आला होता आणि तो सासूबाईंनीच घेतला होता.

"ऐकला की सुतक लागता," त्या म्हणाल्या. "तुका कळला नाय, म्हणान ओवसो झालो. तुझ्याच बऱ्यासाठी केलंय."

हे त्यांनी लपवलं नाही, हे लक्षात घ्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. भाऊ दुपारी बारापर्यंत माझी वाट बघत थांबला होता. मला निरोप पोचला आणि मी आले नाही, असं समजून त्याने आईला नेलं. पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

मी भांडले नाही. भांडून काय मिळणार होतं? त्याच घरात राहायचं होतं. मी नोकरी केली, मुलगी वाढवली, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर दिल्या, त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळलं. पंचवीस वर्षं. लोक म्हणायचे, काय गुणाची सून! मी ऐकून घ्यायचे.

मग एक दिवस टीव्हीवर दाखवलं की फाऊंटन दुरुस्त झालं, पाणी पुन्हा सुरू झालं. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. लग्न होऊन मुंबईत आल्या त्या आठवड्यात सासऱ्यांनी त्यांना ट्राममधून तिथे नेलं होतं. सासरे मिलमध्ये तीन पाळ्या करणारे, पुढे कधी बायकोला घेऊन फिरले नाहीत. तो एकच दिवस. वाऱ्याने तुषार उडून तोंड ओलं झालं आणि सासरे त्यांच्याकडे बघून हसले, ही गोष्ट त्या शंभरदा सांगायच्या. डॉक्टरांनी नुकतंच सासूबाईंच्या हृदयाचं सांगून ठेवलं होतं — काही महिने, फार तर वर्ष.

"माका एकदा ता पाणी दाखव गो," त्या मला म्हणाल्या. मुलाला नाही, मला.

माझं ऑफिस फोर्टातच. जेवणाच्या सुट्टीत मी चौकशीला गेले. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, "सकाळी नसतं मॅडम. पाचनंतर या, मस्त चालू असतं."

पाचनंतर.

मी सकाळी अकराला नेलं.

चूक नव्हती. विसर नव्हता. गुरुवारची रजा टाकली, टॅक्सी केली, घडीची खुर्ची घेतली, पाण्याची बाटली, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, सगळं घेतलं. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. खुर्ची कठड्यासमोर मांडून मी त्यांना बसवलं. वरची दगडी बाई, खालचे मासे, शिंपले, सगळं उन्हात कोरडं.

"पाणी खंय?"

"बंद पडलं, आई."

"टीव्हीर तर —"

"चार दिवस चाललं म्हणे. आता नाही होणार सुरू."

त्या वाकून बघत राहिल्या. नजर अजून चांगली होती. "खाली ओला दिसता गो."

"धुतलं असेल."

"त्या बाबाक इचार मगे एकदा."

मी गेले. पहारेकरी तोच होता. मी त्याला विचारलं, इथे जवळ शौचालय कुठे आहे? त्याने हात लांब करून दाखवलं. सासूबाई लांबून बघत होत्या. परत येऊन मी मान हलवली.

त्या क्षणी काय वाटलं सांगू? बरं वाटलं. त्या संध्याकाळी मोरीजवळ ऐकून घ्यायची पाळी माझी होती, आज त्यांची. त्यांचं तोंड बघायला मी मुद्दाम समोर उभी राहिले.

रडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. पदराने डोळ्यांवरचं ऊन अडवून वर बघितलं. "बाई तशीच आसा हां," म्हणाल्या. मग माझ्या हातावर हात ठेवला. "माझ्यासाठी रजा घेतलंस."

हात मी काढून घेतला नाही. टॅक्सी बघायला लागले.

चाळीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं — सुनेने फाऊंटनला नेलं, पाणी नव्हतं, पण नेलं. नवरा म्हणाला, रविवारी मी नेतो, बघू सुरू झालंय का. त्यांनीच नको म्हटलं. बंद पडलंय, कशाला पोराला दमवायचं. मी भाजी चिरत होते. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. त्या पुढे सात महिने होत्या. म्हणजे दोनशेहून जास्त संध्याकाळी. कामावरून सुटल्यावर मी रोज तिथूनच जायचे आणि पाणी रोज चालू असायचं.

त्या गेल्यावर दीडेक महिन्याने आम्ही दोघं एका लग्नाहून परतत होतो. टॅक्सी त्या चौकात सिग्नलला थांबली. दिवे लागले होते, पाणी चारी बाजूंनी पडत होतं. नवऱ्याने काच खाली केली.

"सुरू केलं बघ पुन्हा," तो म्हणाला. "आई थोडी थांबली असती तर."

मी म्हटलं, "हो ना."

त्याने चष्मा काढून पुसला. सिग्नल सुटला. त्याला आजही तसंच वाटतं.