मीटरवरचे अठ्ठेचाळीस हजार

पिंगळीचे भगवानराव एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. तरी जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आजूबाजूच्या गावची माणसं अजून त्यांनाच न्यायची. गाडी दाखवायची, चहा पाजायचा. पण त्यांनी 'नको' म्हटलेल्या निम्म्या गाड्या लोकांनी घेतल्याच. रंग आधीच मनात भरलेला असायचा. भगवानरावांनी फक्त मान डोलवायची. त्यांना या सगळ्याचा आता वीट आला होता.

मनिषाचं तसं नव्हतं. ती त्यांच्या मावसबहिणीची, सरजाबाईची लेक. ताडकळसला शाळेत शिकवायची. सरजाबाईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परभणीला न्यावं लागे. येताना बसमध्ये म्हातारीला बसवत नसे, आणि रिक्षावाला तोंडाला येईल ते मागे. म्हणून गाडी. दीड महिन्यात मामांनी चार गाड्या नाकारल्या आणि मनिषानं चारही सोडल्या.

पाचवी सेलूला होती. तेरा वर्षांची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. विकणारा शिवकांत जुन्या गाड्यांचाच धंदा करायचा.

"अठ्ठेचाळीस हजारच फिरलीय काका. डॉक्टरची गाडी, दवाखाना ते घर. अडीच लाख."

भगवानरावांनी दार उघडून आत पाहिलं. ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. ड्रायव्हरच्या सीटची कड चेपलेली. स्टिअरिंगला कव्हर नवंकोरं. बोटानं सरकवलं तर खालची कातडी सोललेली. मग त्यांनी बॉनेट उघडलं, गाडी चालू करायला लावली आणि ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला. धूर नव्हता, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नव्हतं. बराच वेळ ते कान देऊन उभे राहिले. पाथरीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आले आणि मनिषाला बाजूला घेतलं.

"दीड लाख किलोमीटरच्या खाली फिरलेली न्हाई ही."

मनिषा तिथल्याच कट्ट्यावर टेकली. "मामा, आता माझ्यानं होईना. दर येळेस सुट्टी मागायची, हेडमास्तरचं तोंड बघायचं. परवा आई बसमधी रडली. मीटर खोटं तर खोटं, घेऊन टाकू का?"

चारही वेळा आपण बरोबर होतो, हे भगवानरावांना ठाऊक होतं. पण त्यांच्या बरोबर असण्यानं म्हातारीचा बसचा प्रवास काही चुकला नव्हता.

ते शिवकांतकडे परत गेले. "बाबा, मीटर खोटं हाय, पण इंजिन चांगलं हाय. दीड लाख फिरलेल्या गाडीचा भाव सांग."

शिवकांत भडकला. "मीटरला मी हातबी लावला न्हाई! आली तशी ठेवली."

"आसंल. तुला चोर म्हणायला आलो न्हाई मी. क्लच महिन्याभरात जाईल, टायर बदलावे लागतील. पोरीचे तीसेक हजार त्यातच जायचे. एक साठ."

घासाघीस लय वेळ चालली. मधे शिवकांत उठून जेवून आला. भगवानराव उन्हात गाडीला टेकून उभेच होते. शेवटी पावणेदोन लाखांवर दोघंही थांबले. बहुतेक दोघंही थकले होते.

आठवड्यानं कागदपत्रं झाली. क्लच मात्र तिसऱ्याच आठवड्यात गेला. मनिषानं तो बदलून घेतला आणि मामांना फक्त कळवलं; तक्रार केली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी परभणीहून परतताना ती पिंगळीत थांबली. मागच्या सीटवर सरजाबाई पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. सुई टोचलेल्या हातावर पदर ओढलेला.

"उठवू का मामा? तुमाला भेटायचं म्हणत होती."

"नको, झोपू दे," भगवानराव म्हणाले. "चहाबी राहू दे. अंधार पडायच्या आत घरी पोच."

मनिषा निघाली. रस्त्यावरच्या खड्ड्यापाशी तिनं गाडी अगदी सावकाश काढली. ते बघून भगवानराव आत वळले आणि दुखरे गुडघे धरून बाजेवर आडवे झाले.