सेफ होती, असं आत्या म्हणायची

आमच्या घरात क्रिकेट कुणी पाहत नसे. शेजारीपाजारी याचं नवल करत. रेल्वे क्वार्टरच्या मागच्या मैदानात सगळी पोरं क्रिकेट खेळत, आणि एका कोपऱ्यात माझी आत्या आम्हा सात-आठ मुलींना चार विटा मांडून बेसबॉल शिकवत असे.

आत्या बाबांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही. अमरावतीला खेळांचं शिक्षण घेऊन ती रायपूरला मुलींच्या शाळेत पीटी टीचर म्हणून लागली आणि आमच्याजवळच राहिली. तिच्या तरुणपणी मुली सॉफ्टबॉल खेळत. बेसबॉल मागून आला, तोही तिनं तितक्याच मायेनं जवळ केला. टीव्हीवर हा खेळ कधी दिसायचा नाही. आमच्यासाठी बेसबॉल म्हणजे आत्याचं बोलणं. भाजी निवडता निवडता ती वीस वर्षांपूर्वीची मॅच सांगायची, आणि आम्ही हातातली मेथी तशीच ठेवून ऐकत बसायचो.

तिच्या मनात एक सल होता. छत्तीसगढ एमपीतच होतं तेव्हा संघाची निवड दूर भोपाळ-इंदूरकडे व्हायची. आत्या आपल्या शाळेतल्या मुलींना घेऊन जायची आणि एकीचीही निवड न होता तशीच परत यायची. म्हणून नवं राज्य झालं, गाड्यांच्या पाट्यांवर एमपीचं सीजी झालं, तेव्हा बाकीचे लोक राजधानी, रस्ते, नोकऱ्या यांच्याबद्दल बोलत होते, आणि आत्या एवढंच म्हणाली, "आता आपल्या पोट्ट्यांची टीम होईल."

टीम झाली. त्यानंतर दोनेक वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका रविवारी, आत्या आमच्याकडे चहा पीत पेपर वाचत होती. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. अमरावतीला चाललेल्या स्पर्धेत छत्तीसगढच्या मुली फायनलला पोचल्या होत्या. फायनल दुसऱ्या दिवशी सकाळी, महाराष्ट्राविरुद्ध. बॅटमागे बसून चेंडू झेलणारी आमची कॅचर रायपूरजवळच्या भनपुरीची, एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी होती. आत्यानंच तिला सहावीपासून शिकवलं होतं.

आत्यानं कप खाली ठेवला. "चाल," ती मला म्हणाली.

"कुठे?"

"अमरावतीले. गाडी आहे आत्ता."

बाबा दाढी करत होते. गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले. "ताई, पोट्टीची परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात. अन् तिथं उतरशील कोणाकडे?"

"पाहू न," आत्या म्हणाली.

आईनं पोळ्या आणि लोणचं डब्यात भरलं आणि माझी शाल माझ्या हातात दिली. पाऊण तासात आम्ही जनरलच्या डब्यात होतो. गोंदियापर्यंत उभ्या, मग एका बाईनं सरकून जागा दिली. मी केमिस्ट्रीचं पुस्तक आणलं होतं, ते आत्यानं टेकायला घेतलं. बावन्न वर्षांची बाई खिडकीतून बाहेर बघत मधूनच एकटीच हसत होती.

दिवेलागणीला बडनेऱ्याला उतरलो, ऑटोनं अमरावती गाठली. आत्याला फक्त एका घराचा रस्ता ठाऊक होता. कॉलेजात तिच्याबरोबर खेळलेल्या मैत्रिणीचं घर. अठ्ठावीस वर्षांत भेट नव्हती. दार वाजवलं. एक जाडशी, चष्मा लावलेली बाई बाहेर आली आणि चष्मा वर सरकवून बघायला लागली.

"तू?" ती म्हणाली. "अवं, फोन तरी करावा माणसानं!"

"नंबर कुठं आहे माह्यापाशी?"

दोघी उंबऱ्यातच एकमेकींना धरून हसायला लागल्या, मग रडायला. मी बाजूला पिशवी धरून उभी. आत्याला रडताना मी तोवर पाहिलंच नव्हतं.

सकाळी आम्ही तिघी मैदानावर गेलो. माणसं जेमतेम शे-दीडशे, बहुतेक तिथलीच. आत्याची मैत्रीण अर्थातच महाराष्ट्राची. आमच्या मुलींनी पहिली धाव काढली तशी आत्या उठून ओरडली, "शाबास, बेटी!" मैत्रिणीनं तिच्याकडे वळून पाहिलं.

"काहून वो? जन्मली इथं, शिकली इथं. तू तिकडची झाली का आता?"

आत्यानं क्षणभर विचार केला. मग छत्तीसगढी बायका 'हो' म्हणतात तसं म्हणाली, "हव."

मला फार बरं वाटलं. घरात आम्ही नेहमी 'आपल्याकडं' म्हणजे विदर्भ असंच बोलायचो. माझा जन्म रायपूरचा, पण आपण कुठले हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं मागे होतो. दोन आऊट झाल्या होत्या, तिसरीला डाव संपणार. भनपुरीची ती मुलगी तिसऱ्या बेसवर उभी. पुढच्या मुलीनं चेंडू जमिनीलगत मारला आणि ही धाव पुरी करायला होमकडे सुटली. चेंडू आला, तीही घसरत आली, धूळ उडाली. पंचानं हात वर केला. आऊट. मॅच संपली.

आजूबाजूला सगळे नाचायला लागले. मैत्रीणही टाळ्या वाजवत उठली, आणि आत्याकडे नजर जाताच पुन्हा बसली. तिनं आत्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सेफ होती," आत्या म्हणाली.

"आऊट होती."

"पाय आधी लागला. मी पाह्यला."

"इतक्या दुरून? चष्मा घे आता."

त्यानंतर अनेक वर्षं, दर महिन्याला त्यांचा फोन व्हायचा, आणि तब्येत, सुना, पाऊसपाणी झाल्यावर शेवटी हेच भांडण व्हायचं.

परतीच्या गाडीत आमचा संघही होता. ती मुलगी खिडकीपाशी डोकं टेकून रडत होती. सगळ्या जणी तिला "कोई बात नहीं" म्हणत होत्या. आत्या तिच्यासमोर जाऊन बसली.

"घसरी तब कौन-सा पैर आगे था?"

"दायाँ, मॅडम."

"दिखा."

मुलगी डोळे पुसत उठली. चालत्या गाडीत, दोन बाकांमधल्या जागेत आत्यानं तिला गुडघा कुठे वाकवायचा, खांदा कुठे टाकायचा ते करून दाखवलं. साडी खोचून स्वतःच खाली बसली. एक म्हातारे गृहस्थ पाय वर घेऊन कौतुकानं बघत होते. राजनांदगाव येईपर्यंत संघातल्या सगळ्या मुली रांगेनं एकेक करून घसरत होत्या आणि टीटीई पलीकडे उभा राहून वाट पाहत होता.

त्या परीक्षेत मला केमिस्ट्रीत जेमतेम पास होता आलं. बाबा पंधरा दिवस आत्याशी तुटक बोलले. मग एका संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "ताई, पण दोन आऊट असतांनी पोट्टी धावली काहून?" आत्यानं पाट घेतला, त्यावर खडूनं मैदान काढलं आणि दोघं भाऊ-बहीण त्यावर वाकून बसले. स्वयंपाक झाला, ताटं वाढली, तरी उठेनात. आई दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा आली ती तिथेच बसली आणि म्हणाली, "मलेही सांगा, मंग जेवू."