शनिवारी पोरींनी घरात बसायचं

मी अकरावीत होते, तेव्हा आमच्या गावानं ठरवलं, की पावसाळ्यात शनिवार-रविवारी पोरींनी घराबाहेर पडायचं नाही.

मळवली स्टेशनपासून गाव चालत अर्ध्या तासावर. धबधबे सुरू झाले की त्या अरुंद रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. आम्ही पाचजणी लोणावळ्याला कॉलेजला जायचो आणि कॉलेज शनिवारीही असायचं. एका शनिवारी गाडीतल्या एका प्यायलेल्या माणसानं माझ्या मैत्रिणीची ओढणी ओढली. ती पडली, गुडघा फुटला. गाडीतले हसत राहिले.

सोमवारी संध्याकाळी देवळात बैठक भरली. एक आबा म्हणाले, "काळ बिघडलाय. पोरींना जपाया पायजे. एक दिस कालेज बुडलं तर काय व्हतंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मैत्रीण आईच्या पाठीमागं अंग चोरून बसली होती, जणू चूक तिचीच होती. ते बघून मी उठले.

"वढणी गाडीतल्यानं वढली. मग घरात आमी का बसायचं?"

"आगं, ती भायेरची मानसं. त्यास्नी कोन सांगनार?"

"आबा, येताना ती शुद्धीत असत्यात. दारू त्यास्नी हितं मिळती."

"कोन देतं? नाव घे की."

"माझा काका."

देवळातल्या सगळ्या माना खांबाशी बसलेल्या काकाकडं वळल्या. वळणावर काकाची भाजलेल्या कणसांची टपरी होती आणि मागं ताडपत्रीखाली बाटल्यांचे खोके. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. माझ्या बापानं मान खाली घातली. मला सायकल शिकवणारा, ताप आला की खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणारा काका माझ्याकडे बघत होता.

"व्हय, इकतो," काका म्हणाला. "जमिनी बंगल्यांखाली गेल्या, तवा कुनी बैठक घेतली न्हाई. आता मी काय इकू?"

त्याचं खोटं नव्हतं. आज मी शाळेत शिकवते. पुस्तकात सामाजिक समस्यांची कारणं ओळीनं दिलेली असतात : गरिबी, बेकारी, व्यसन, अज्ञान. ती वाचताना मला काकाचा तो प्रश्न ऐकू येतो. पण जमीन गेली म्हणून त्यानं दारू विकायची, ती पिऊन कुणी आमच्या अंगावर यायचं आणि शेवटी दार आमचंच लागायचं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. पोरींना कोंडणं सगळ्यांनाच सोपं होतं, कारण आम्ही उलटून बोलत नव्हतो.

बैठक उठली, पोरींनी घरात बसायचं हे ठरलं ते तसंच राहिलं. पुढच्या शनिवारी सकाळी आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "चल."

तिनं बाकीच्या आयांनाही हाका मारल्या. मैत्रिणीचं दार उघडलं नाही. आम्ही रस्त्याच्या कडेनं नाही, मधून चाललो. मागं हॉर्नचा नुसता गोंगाट. एकानं काच खाली करून शिवी दिली, तेव्हा आईनं त्याच्या बोनेटवर थाप मारली. "थांब की! आमचा रस्ता हाय."

टपरीपाशी आई थांबली. "भावजी, त्ये खोके बंद करा."

काका निखाऱ्यावरची कणसं फिरवत राहिला. काकू मात्र आतून बाहेर आली. हात कोळशानं काळे झालेले. तिनं ताडपत्री खेचून काढली, सगळ्या रस्त्याला दिसतील असे खोके उघडे टाकले आणि आमच्यात येऊन चालू लागली.

काकानं लगेच काही सोडलं नाही. तो पावसाळा तो लपूनछपून विकत राहिला. पण काकूनं टपरीवर पाय ठेवायचं बंद केलं आणि पुढच्या वर्षी तिथं फक्त कणसं, भजी आणि चहा राहिला. मग पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कुणीतरी खोके मांडले, आम्ही तिथंही जाऊन उभ्या राहिलो. काका तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मला ते फार लागलं, पण माफी मी मागितली नाही.

मैत्रिणीचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. वर्षभरात तिचं लग्न लावून दिलं. गाव म्हणालं, पोर सुखरूप मार्गी लागली. ती माझ्याहून हुशार होती. त्या गाडीतल्या माणसाला हे कधी कळणारही नाही, पण देवळात माना डोलावणाऱ्यांना कळतं. म्हणून मी हे त्यांच्यासमोर अजून बोलते, दर वेळी, आवाज न उतरवता.