ओइवाच्या काठ्या

ओइवा कार्पिनेन गावात कोणालाच आवडत नसे, पण पहाटे बर्फ पडलं की सगळ्यांना त्याचीच आठवण व्हायची. चव्वेचाळीस हिवाळे त्याने आपल्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट एकट्याने मोकळी केली होती. एकशे साठ पावलांची वाट, दोन्ही बाजूंना चर, आणि शेवटी जिथे पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचा लाकडी ओटा होता तिथे एक वळण. ट्रॅक्टर छोटा, करड्या रंगाचा, पुढे बर्फ ढकलायचं पातं. ओइवा त्याला बायकोपेक्षा जास्त जपायचा, आणि हे तो बायकोसमोरच सांगायचा.

जिभेला हाड नव्हतं त्याच्या. समोरच्या घरातला एन्सिओ बिचारा तीस वर्षांपूर्वी एकदा ट्रॅक्टर घेऊन त्या वळणावर चरात गेला. पातं घसरलं, असं तो म्हणाला. झालं! त्या दिवसापासून ओइवाने त्याचं नाव 'चरातला एन्सिओ' पाडलं. एन्सिओची बायको वारली तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा ओइवा कोणाला तरी सांगत होता, "कोण गेलं? चरातल्या एन्सिओची." एन्सिओने ते ऐकलं. टोपी डोक्यावर चढवली आणि निघून गेला.

अशा माणसाचे डोळे जावेत, तेही हळूहळू, मधोमध एखादा धुरकट डाग पडावा तसे, ह्याला नशीब म्हणा नाहीतर आणखी काही. दोन वर्षं झाली होती. समोर बघितलं की माणसाचं तोंड नाहीसं व्हायचं, नुसते कान राहायचे. कडेकडेचं मात्र दिसे. म्हणून ओइवा हल्ली मान तिरकी करून बोलायचा, आणि लोकांना वाटे म्हातारा आणखीनच शिष्ट झालाय. दवाखान्यातून डोळे तपासायला बोलावणारं पत्र आलं, ते त्याने चुलीत घातलं. तपासणी म्हणजे परवाना जाणार, परवाना गेला की मुलगा यार्मो ट्रॅक्टर काढून घेणार, आणि मग म्हाताऱ्याने खिडकीशी बसून दुसऱ्याला बर्फ काढताना ऐकायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याचं स्वच्छ मत होतं.

त्याला वाचवत होत्या त्या काठ्या. जमीन गोठायच्या आधी, ऑक्टोबरात, वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवायच्या, म्हणजे बर्फाखाली चर कुठे आणि वाट कुठे ते कळतं. हे सगळेच करतात. ओइवा स्प्रूसच्या झाडाच्या बारीक काठ्या तासून त्यांची वरची टोकं डांबरात बुडवायचा. एवढी वर्षं साइमी, त्याची बायको, काठी धरायची आणि तो पहारीने भोक पाडायचा. ह्या खेपेला त्याने तिला घरातच थांबवलं. "तू काठी वाकडी धरतेस," म्हणाला. खरं म्हणजे त्याला पावलं मोजून, चाचपून काठ्या रोवायच्या होत्या, आणि ते तिला दिसायला नको होतं. जमीन एकदा गोठली की मग घोडा लावला तरी काठी उपटत नाही. पांढऱ्यावर काळी टोकं, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक, उजव्या कोपऱ्यात एक. त्या दोहोंच्या मधून जायचं. एवढंच.

जानेवारीत तुर्रे मेला. तुर्रे म्हणजे त्यांचं कुत्रं, बारा वर्षांचं. सकाळी ओइवाने वाट मोकळी केली, बर्फ नेहमीसारखं घराच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या ढिगावर नेऊन टाकलं, आत येऊन कॉफी प्यायला. दुपारपर्यंत कुत्र्याचा पत्ता नाही. संध्याकाळी साइमीला ढिगातून शेपटीचं टोक बाहेर आलेलं दिसलं. फावडं घेऊन तिने एकटीने त्याला काढलं.

"बहिरं होतं ते," ओइवा दारातून म्हणाला. "बहिरं नि म्हातारं. वाटेत झोपायचं काय कारण? आज नाही तर उद्या मरणारच होतं."

एप्रिल-मेशिवाय जमीन खणता येत नाही, म्हणून साइमीने तुर्रेला पोत्यात गुंडाळून लाकडांच्या खोपट्यात ठेवलं. रोज लाकडं आणायला जाताना ते पोतं तिच्या डाव्या हाताला असायचं.

मार्चच्या सुट्टीत यार्मो बायको आणि ईताला घेऊन येणार होता. ईता त्याची मुलगी, सहा वर्षांची. मागच्या वर्षीही आली होती, पण आठवडाभर घरातच बसून राहिली, आणि ओइवाने तिला 'शहरातली बाहुली' म्हणून चिडवून चिडवून रडवलं होतं. "तुझा बाप तुझ्याएवढा असताना ढिगात गुहा करून जेवायलासुद्धा यायचा नाही. तू कसली? कापसात गुंडाळून कपाटात ठेवायची!" पोरगी आजीच्या पदराआड जावी तशी तिच्या स्वेटरमागे लपली होती.

सुट्टीच्या आधीच्या गुरुवारी रात्रभर बर्फ पडलं, आणि सकाळीही थांबेना. जेवायला वाटाण्याचं सूप होतं. साइमीने विषय काढला.

"पोरं शनिवारी येतायत. यंदा वाट एन्सिओकडून मोकळी करून घेऊ या का?"

चमचा ताटलीवर आपटला. "कोणाकडून?"

"तुझी पाठ दुखते म्हणतोस ना."

"माझी पाठ माझ्यापाशी आहे. तो चरातला एन्सिओ माझ्या दारात पातं लावणार? त्यापेक्षा तू ओढ ना बर्फ, त्या सूपाच्या पळीनं!"

"ओइवा, तुला दिसतं का?" तिने सरळ विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुझ्या डाव्या गालावरचा तीळसुद्धा दिसतो. त्यावर केस उगवलाय."

तिने हळूच गालाला हात लावला. तीळ दुसऱ्या गालावर होता. मग ती भांडी उचलायला लागली. आपण जिंकलो असं समजून ओइवा बाकावर आडवा झाला आणि घोरायला लागला.

तीन वाजता उठून तो बूट चढवायला गेला, तेव्हा चुलीवर ओल्या लोकरीचा वास येत होता. "बाहेर गेली होतीस?"

"लाकडं आणायला."

त्याने ट्रॅक्टर सुरू केला. पायी चालावं त्या वेगाने निघाला. डाव्या कोपऱ्यात काळं टोक, उजव्या कोपऱ्यात काळं टोक. पातं नीट चालत होतं, बर्फ हलकं होतं, आणि ओइवाला खरोखर आनंद झाला होता. हा सगळा मोठेपणाचा बुडबुडा नव्हता बरं का. त्याला ते काम येत होतं. पातं किती उचलायचं, किती दाबायचं हे त्याच्या ढुंगणाला कळायचं. वळण आलं. डावीकडे टोक, उजवीकडे टोक. तो मधून गेला, आणि पुढचं चाक खाली गेलं.

ट्रॅक्टर हळूच कलंडला, म्हैस बसते तसा, आणि चराच्या उतारावर टेकून थांबला. ओइवाचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं. ओठ फुटला. इंजिन बंद पडलं तेव्हा समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

बाहेर निघायला त्याने जवळची काठी धरली. काठी हातात आली. पहारीने रोवलेली, गोठलेल्या मातीतली काठी सरबतातल्या चमच्यासारखी वर आली. टोकाला माती नाही, करवतीचा ताजा काप. नुसत्या बर्फात खोचलेली होती. त्याने रांगत जाऊन पुढची धरली. तीही आली. तिसरीही.

एन्सिओ आपला ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला होता. खाली उतरून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"चर तोच आहे, ओइवा," तो म्हणाला. "तीस वर्षांत हललेला नाही."

"काठ्या कोणी तरी—" ओइवा ओरडला, आणि तिथेच थांबला.

"काठ्यांचं काय?"

काय सांगणार? काठ्या हलवल्या म्हणाला, तर पुढचा प्रश्न ठरलेला. चव्वेचाळीस वर्षं येतोस-जातोस, पुढ्यात हा एवढा विजेचा खांब आहे. काठ्यांकडे बघत होतास की वाटेकडे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. रक्त ओठावरून हनुवटीवर आलं आणि तिथे थिजायला लागलं.

"पातं घसरलं," ओइवा म्हणाला.

"हो ना," एन्सिओ म्हणाला. "माझंही त्या दिवशी पातंच घसरलं होतं."

त्याने साखळी अडकवली. घाई नव्हती त्याला. एकेक कडी हातमोज्याने पुसत बसला. तीस वर्षं थांबलेला माणूस, अजून पाच मिनिटं थांबायला त्याचं काय जातं? मग जाता जाता, सहज सांगावं तसं म्हणाला, "दुपारी तुमची साइमी इथे काठ्यांशी खुडबुड करत होती. मी खिडकीतून बघत होतो. म्हटलं, सरळ करत असेल."

ओइवा घरी आला तेव्हा साइमीने कॉफी ओतून ठेवली होती, वेलदोड्याच्या पावाचे तुकडे कापले होते, आणि बाजूला ओठाला लावायला ओलं फडकं. म्हणजे ओठ फुटणार हेसुद्धा तिने धरलं होतं.

"तू हलवल्यास."

"हो."

"मेलो असतो मी."

"चर मांडीइतकाच खोल आहे, आणि हल्ली तू पायी चालल्यासारखा चालवतोस. मी विचार करून केलंय." तिचा आवाज जरासाही चढला नाही. "यार्मोला फोन केलाय. ट्रॅक्टरची किल्ली तू आत्ता टेबलावर ठेवलीस, ती मी घेतली आहे."

ओइवाने टेबल चाचपलं. किल्ली नव्हती. मग त्याने तिला जे काही म्हणून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या आईवरून म्हणाला, तिच्या वांझ बहिणीवरून म्हणाला. साइमीने त्याला पुरतं बोलू दिलं. कॉफी गार झाली.

"त्या चरातल्या एन्सिओसमोर!" शेवटी तो म्हणाला, आणि आता आवाज फाटला होता. "त्याच्यासमोर, साइमी! मला नुसतं सांगायचं होतंस."

"सांगितलं. दोन वर्षं आडून आडून सांगतेय. आज जेवताना विचारलं, तू माझ्या तोंडावर हसलास." तिने फडकं त्याच्या हातात दिलं. "तुर्रे अजून खोपट्यात आहे. मला आणखी एक पोतं शोधायचं नव्हतं."

शनिवारी सकाळी वाट एन्सिओने मोकळी केली. त्याचा ट्रॅक्टर बिघडला होता म्हणे, म्हणून साइमीने त्याला ओइवाचा दिला. ओइवा खिडकीशी बसून ऐकत होता. एन्सिओ गिअर बदलताना करकरवत होता. दोनदा तर उगीचच करकरवला, अगदी खिडकीखाली. मग पोरं आली. यार्मोने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हवापाण्याबद्दल बोलला. ट्रॅक्टरचं नाव कोणीच काढलं नाही. सुनेने त्याच्यासमोर कप ठेवताना "इथे, तुमच्या उजव्या हाताला," असं म्हटलं, तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत आहे हे त्याला कळलं.

दुपारी तो पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. घरात बसवेना.

"आजोबा!"

त्याने वाटेकडे मान वळवली.

"तिकडे नाही. इकडे. खाली!"

आवाज ढिगातून येत होता. तो कठडा धरून उतरला, कोपऱ्यापर्यंत चाचपत गेला, वाकला. हात बर्फातल्या भोकात शिरला. आत खोल पोकळी होती, ऊबदार, आणि तिच्या तळाशी लोकरीची टोपी आणि टोपीखाली डोकं. चव्वेचाळीस वर्षं तो पातं इथेच आणून रिकामं करत आला होता.

"तू काय करतेस इथं?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. "तुला तर थंडी सोसत नाही. बाहुली ना तू."

"सोसते की," ईता आतून म्हणाली. तिच्या तोंडात काहीतरी होतं, पाव असावा. "मागच्या वर्षी आजी दाराला कडी लावायची. म्हणायची, आजोबांचा ट्रॅक्टर चालू आहे तोवर बाहेर जायचं नाही, आणि आजोबांना सांगायचंही नाही. आता जाऊ देते."

"आता कसं काय जाऊ देते?"

"आता एन्सिओकाका चालवतात ना," ईता म्हणाली. "त्यांना दिसतं."