चिमाआजीचं बोलणं

फिल्म होते वीस मिनिटांची. बाकीचं सगळं करणाऱ्यांच्या तोंडी राहतं आणि वर्षानुवर्षं साठत जातं. सत्तरच्या दशकात आम्ही तिघं मेढ्याच्या डोंगरात कातकऱ्यांवर डॉक्युमेंटरी करायला गेलो होतो. डायरेक्टर मालतीबाई, कॅमेरामन शिंदे आणि साउंडला मी. तिघंही सांगलीचे. पुढं कधीही भेटलो की तेच किस्से निघायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. आता शिंदे राहिला नाही, आणि मला सांगताना पूर्वीसारखं हसू येत नाही. तरी सांगतो.

*

मेढ्याच्या रेस्ट हाउसचा वॉचमन मिल्ट्रीतून रिटायर झालेला. जीप थांबताच त्यानं शिंदेला कडक सॅल्यूट ठोकला.

"डायरेक्टरसाहेबांची खोली तयार हाय!"

शिंदेनं मालतीबाईंकडं बोट दाखवलं. म्हातारा म्हणाला, "बाईसाहेबांची बी सोय हाय की. पर मेन साहेब कवा येनार?"

"मेन साहेब येणार नाहीत," मालतीबाई म्हणाल्या. "ते सांगलीत पोरांचे डबे करतायत!"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. शिंदेला बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं, "कशापायी शिक्षा झाली वो त्यास्नी?"

आम्ही आठवडाभर हसलो. पण पुढं महिनाभर तलाठी, मास्तर, फॉरेस्टवाले, सगळे प्रश्न विचारायचे ते शिंदेला नाहीतर मला. आणि आम्ही खुशाल उत्तरं द्यायचो. 'बाईंना विचारा' असं मी एकदाही म्हटल्याचं आठवत नाही.

*

पाडा डोंगरात, दहा-बारा झोपड्यांचा. माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर राबायची. त्यात चिमाआजी. वय विचारलं तर म्हणायची, "मोजाया कोन बसलंय?"

आजी चुलीपुढं बसली होती. शिंदेनं कॅमेरा लावला. "आजी, इकडं बघू नका. आम्ही इथं नाहीच असं समजा."

"आसं कसं रं? तीन मानसं दारात उबी, आन न्हाईत म्हनू?" आजी उठली आणि आमच्यासाठी गोणपाट अंथरलं. "न्हाई तर न्हाई. पर बसा तरी!"

*

आजीचा जावई लख्या मध काढण्यात पटाईत. उंच झाडावर सरसर चढला, धूर दिला, पोळं कापून खाली आला. अंगाला दोन-चार डंख. शिंदे म्हणाला, "फोकस गेला. वन्स मोअर!"

मी लख्याला समजावलं, पुन्हा चढायचंय म्हणून. त्यानं एकदा झाडाकडं बघितलं, एकदा शिंदेकडं.

"म्या चढतो गड्या. पर माश्यास्नी तुमी सांगून या!"

*

एकदा फिल्मला पैसे देणाऱ्या मुंबईच्या ऑफिसातून पत्र आलं. आदिवासींवरची फिल्म आहे, तर नाच हवा. मालतीबाईंनी दोन वेळा उलट पत्र पाठवून नकार कळवला. तिसऱ्या पत्रात 'नाचाशिवाय फिल्म पास होणार नाही' असं आलं. बाई पत्र घेऊन पाड्यावर गेल्या.

लख्या म्हणाला, "कुनाचं लगीन हाय?"

"कुणाचंच नाही."

"मंग कशापायी नाचायचं?"

तरी माणसं नाचली, बाईंच्या शब्दाखातर. दिवसभर भट्टीवर राबून आलेली, हातापायांना काजळी तशीच. पुढं पाचगणीच्या एका शाळेत फिल्म दाखवली, तेव्हा तिथल्या हेडबाई म्हणाल्या, "किती आनंदी असतात नाही हे लोक!" मालतीबाई चहा न घेताच उठल्या.

*

आता माझा किस्सा. हा मी मित्रांत कधी सांगितला नव्हता.

चिमाआजी एका दुपारी आपणहून बोलायला लागली आणि बोलतच राहिली. मी सगळं टेप केलं. परत वाजवून दाखवलं तेव्हा आजी कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "कोन म्हनायची ही? लय शानी बोलतीया!"

मालतीबाईंनी सगळी फिल्म त्या बोलण्याभोवती बांधली. मुंबईच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "म्हातारीचं बोलणं कुणाला कळणार? वर कॉमेंट्री टाका. भारदस्त आवाजात."

बाई म्हणाल्या, "फिल्म तिची आहे. तिलाच बोलू द्या."

साहेब माझ्याकडं वळले. "साउंड कसा आहे हो?"

साउंड स्वच्छ होता. 'चांगला आहे', एवढंच म्हणायचं होतं. पण साहेबांच्या हातात पुढची कामं होती. मी म्हणालो, "थोडा वारा आहे, सर."

वारा!

मालतीबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. आजीच्या तोंडावर कुणा पुरुषाचा खर्जातला आवाज चढला. तेव्हा टेपची कायम टंचाई असायची, जुनी पुसून नवं भरायचो. सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या समारंभाला मी तीच टेप नेली. आजीच्या बोलण्यावर चेअरमनचं पाऊण तासाचं भाषण बसलं.

*

दोन वर्षांनी मालतीबाई हट्टानं प्रोजेक्टर घेऊन मेढ्याला गेल्या. मलाही नेलं. शाळेचा एक वर्ग मिळाला. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. पाड्यावरची माणसं आली. चिमाआजी आदल्या पावसाळ्यातच वारली होती. तिची लेक सुनी सगळ्यांत पुढं बसली.

पडद्यावर आजी आली. सुनी गुडघ्यांवर उठली. आजीचे ओठ हलायला लागले आणि तो भारदस्त आवाज सुरू झाला. आदिम जीवन, निसर्गाची लेकरं, वगैरे.

सुनी मागं वळून म्हणाली, "ताई, ह्या मानसाला जरा गप करा की. आय बोलतीया."

मालतीबाईंनी आवाज बंद केला. वर्गात फक्त प्रोजेक्टरची घरघर. पडद्यावर आजी बोलत होती, हात हलवत होती, मध्येच हसत होती.

मग सुनी उठून माझ्याजवळ येऊन बसली. पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाली, "दादा, तवा कानाला त्ये लावून तुमीच बसला हुता न्हवं? सांगा की, काय म्हनतीया आय?"