सप्तपदीचा फोटो
शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला अजून त्या कारकुनाचा राग येतो. दादा जर्मनीत नोकरीला होता. वहिनीला तिकडं राहायचा परवाना मिळायला विवाह नोंदणीचा दाखला लागत होता, म्हणून तो सुट्टीत आला आणि आम्ही तिघं पिंपळीहून नोंदणी कचेरीत गेलो. कारकुनानं लग्नाचा फोटो उलटसुलट पाहिला. पांढरी साडी, बुद्धमूर्ती, मेणबत्त्या. "सप्तपदीचा फोटो कुठाय?" "आमच्यात सप्तपदी नसती, साहेब," दादा म्हणाला, "बौद्धाचार्यांची सही हाय की." "मग देवळात हार घालून एक फोटो काढून आणा, लगेच काम होतंय." दादाचं विमान चार दिवसांवर होतं. तो हळूच म्हणाला, "काढू या का गं?" वहिनी ताडकन उठली. "खोट्या लग्नाच्या फोटोवर मी न्हाय यायची तुमच्यासंगं!" मी तो नियम लेखी मागितला, मिळाला नाही. दादा एकटाच परत गेला, आणि पाच महिने अर्जावर अर्ज केल्यावर दाखला हाती आला. परवा वहिनीचा तिकडून फोन आला. तिथल्या परवाना कचेरीतल्या बाईनं दाखल्यावरची तारीख आणि सह्या तपासल्या, शिक्का मारला. किती पावलं चाललात, हे तिनं विचारलं नाही.