खडूनं लिहिलेल्या जागा

नाटक सोडून जगात आणखी काही घडतं, हे आमच्या करावे गावातल्या घरमालक काकांना अजून कुणी पटवू शकलेलं नाही. जेवायच्या आधी काकू स्टीलच्या पेल्यावर चमचा तीनदा वाजवतात. तिसरी घंटा झाल्याशिवाय काका घास उचलत नाहीत. मी हिंगोलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला, नेरूळला इस्त्रीच्या दुकानात कामाला. तरी त्यांनी मला खोली दिली. गावचं जुनं नाट्यगृह पुन्हा उघडायचं ठरलं तेव्हा मखमली पडद्याला इस्त्रीही माझ्याकडूनच करून घेतली, आणि मग तो ओढायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. "काका, मी सातवी," मी घाबरत म्हणालो. "दोरीला मार्कशीट लागत नाय!"

हे नाट्यगृह मिठागरात राबणाऱ्या आणि खाडीत जाळी टाकणाऱ्या माणसांनी आपल्या हातांनी बांधलेलं. तेव्हा जो तो घरून पाट आणायचा नि आपल्या घराच्या ठरलेल्या जागीच बसायचा. पुढे नाटकं थांबली, आत फाटकी जाळी पडून राहिली. आता गावकीनं अट घातली होती : पहिल्या प्रयोगाला हॉल भरला तर नाटक, नाहीतर गोदाम. अशा वेळी काकांनी काय केलं? नव्या खुर्च्यांच्या बैठकीवर खडूनं जुन्या घरांची नावं लिहिली. गाव सोडून गेलेल्यांचीसुद्धा! प्रयोगाच्या संध्याकाळी दाराशी ही गर्दी, आत गेलेल्यांच्या नावाच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि नाटकातल्या कामासाठी एकाच बाजूची मिशी चिकटवलेले काका कुणाला त्यावर बसू न देता मधे आडवे.

"उठ!" ते एका पोरावर ओरडले. "ती वरच्या आळीच्या आत्याची जागा हाय!"

"काका, आत्या गेली ना?"

"मेली म्हनून काय झाला? जागा तिचीच ना!"

गावकीचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "हॉल काय भरलेला दिसत नाय."

मी पडद्याची दोरी दोन्ही हातांनी धरली. दुसरी घंटा झाली आणि मी ती तिसरी समजून दोरी ओढली. पडदा उघडला, रंगमंचावर महाराज वडापाव खात उभे. "चालू झाला रे!" म्हणत दारातली सगळी गर्दी आत घुसली आणि मिळेल तिथं बसली. बसायला जागा उरली नाही ती अध्यक्षांनाच. काका माझ्या अंगावर धावून येता येता थबकले. आत्याच्या खुर्चीत कुठल्याशा सोसायटीतली चिमुरडी पाय हलवत बसली होती. "बसू दे," एवढंच म्हणाले, आणि अर्ध्या मिशीनंच नाटकात शिरले.

मला वाटलं, आपली खोली गेली. दुसऱ्या दिवशी झाडायला गेलो, तर खुर्च्यांवरची सगळी नावं लोकांच्या कपड्यांनी पुसून नेलेली. फक्त दोरीजवळच्या स्टुलावर ताजा खडू होता. माझं नाव.

त्या स्टुलावर मी अजून नीट बसत नाही. कडेला टेकतो. पुसलं जायला नको.